फोटो मागाहून

अण्णा गेले तरी त्यांना मेल यायचे थांबले नाहीत. सोप्यातल्या टेबलावर त्यांचा फोन अधूनमधून वाजायचा आणि आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "प्रणिता, बघ गं, कुणाचं आलंय?" जणू अण्णा आंघोळीला गेलेत आणि तेवढ्यात कुणीतरी दारात येऊन उभं राहिलंय. फोन आई रोज न चुकता चार्ज करून ठेवायची. कशासाठी, हे प्रणितानं कधी विचारलं नाही.

बोरगावच्या हायस्कुलात मराठी आणि कानडी दोन्ही भाषा शिकवून महावीर अण्णा निवृत्त झाले, आणि मग त्यांनी लग्नं जुळवायचं काम अंगावर घेतलं. निपाणी-चिकोडीकडची, पलीकडे थेट इचलकरंजी-जयसिंगपूरपर्यंतची जैन घरं आपल्या मुलामुलींचे बायोडाटा त्यांना मेलवर पाठवायची. अण्णा त्याला नुसतं 'कागद' म्हणायचे. कानडी कागद असला तर त्याचं मराठी करायचे, मराठी असला तर कानडी, आणि जिथं जुळेल असं वाटेल त्या घरी पुढे पाठवायचे. यात त्यांना मिळायचं काही नाही, लग्नातला लाडू तेवढा.

त्यांचे दोन नेम होते. पहिला, आलेला कागद बिनउत्तराचा ठेवायचा नाही. 'कागद पोचला. तुम्ही घाई करू नका, मीही करणार नाही,' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. दुसरा नेम, फोटो मागाहून. "फोटो आधी गेला की कागद कोण वाचत न्हाई," ते म्हणायचे. दोन्ही घरांनी कागद वाचून 'बघूया' म्हटलं, की मगच अण्णा फोटो पाठवायचे.

त्यांच्याकडच्या कागदांत त्यांच्या लेकीचा, प्रणिताचा, कागद कधीच नव्हता. पंचविशीत तिनं एकदा नको म्हटलं, अण्णांनी मान डोलावली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. आता ती चाळिशीला टेकली होती. बेळगावात एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात ती नोकरी करायची आणि शनिवारी दुपारच्या गाडीनं बोरगावला यायची.

दिवाळीच्या तोंडावर अण्णा गेले. त्यानंतर लग्नसराई आली आणि मेलची रीघ लागली. कित्येकांना अण्णा नाहीत हे ठाऊकच नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं तेही पाठवत होते. एकानं लिहिलं होतं, 'अण्णांच्या घरात कुणीतरी बघेलच.' ते वाक्य प्रणिताच्या मनातून जाईना. लग्नं जुळवणं तिला जमलं नसतं, पण अण्णांच्या पत्त्यावर आलेला कागद बिनउत्तराचा पडून राहू नये, एवढं तरी तिला करायचं होतं. आठवडाभर कॉलेजची नोकरी करून ते हातानं उरकत नव्हतं.

वाट दाखवली रूपालीनं. रूपाली कॉलेजच्या अकाउंट्समध्ये, उचगावची. सकाळी शेतातल्या कोबीला पाणी सोडून मग ऑफिसला येणारी. कँटीनमध्ये तिनं प्रणिताचा लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

"कोडबीड काय लिहायचा न्हाय. नुसतं ठोकळं जोडायचं. आमच्याकडं फीच्या पावत्या अशाच आपापल्या जागी जातात. हे बघ. मेल आला की हा पहिला ठोकळा जागा होतोय."

"आणि मेल नाही आला तर?"

"तर झोपतोय. तुझ्या लायब्ररीतल्या पोरांसारखा."

प्रणिता हसली. अण्णा गेल्यानंतर कँटीनमध्ये ती पहिल्यांदाच मोठ्यानं हसली असावी, कारण रूपालीनं चहाचा कप खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं आणि मग पुढचा ठोकळा दाखवला.

त्या दुपारी आणि पुढच्या काही दुपारी प्रणितानं अण्णांचे नेम एकेक करून ठोकळ्यांत बसवले. मेलला अटॅचमेंट आहे का, हे पहिला ठोकळा बघणार. ती पीडीएफ असली तर कागद समजायचा, प्रणिताच्या मेलवर फॉरवर्ड करायचा आणि पाठवणाऱ्याला अण्णांचं उत्तर धाडायचं. अण्णांचं वाक्य तिनं जसंच्या तसं ठेवलं, खाली फक्त 'महावीर अण्णांच्या घरून, प्रणिता' एवढं घातलं. अटॅचमेंट चित्राची असली तर तो फोटो. तो 'फोटो' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडणार, कुणाकडे फॉरवर्ड होणार नाही. फोटोला उत्तरही नाही, कारण लोक कागद पाठवून झाल्यावर फोटो वेगळा पाठवत. एकाच घराला दोनदा 'कागद पोचला' कशाला?

रूपालीनं सगळं तपासलं. "झक्कास. फक्त एक बघ. चाळलं की चाळणीत काहीतरी वर राहतंय. ते कोण बघणार?"

"वर नुसते फोटो राहणार गं. लोकांच्या मुलींचे फोटो उगाच कशाला बघत बसायचे?"

"तेबी खरं," रूपाली म्हणाली आणि पोह्यांचं बिल द्यायला उठली.

यंत्रणा सुरू झाली आणि खरंच सुरळीत चालली. रविवारी सकाळी मायलेकी सोप्यात बसायच्या. आठवड्यात आलेले कागद प्रणिता वाचून दाखवायची. आईचं माहेर सदलग्याचं, शाळा कानडी. त्यामुळे कानडी कागद तिच्या वाट्याला. कुठला कागद कुठल्या घरी पाठवायचा ते आई ठरवायची. इतकी वर्षं अण्णा जेवताना जे बोलत होते ते सगळं तिच्या डोक्यात होतं, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

"ह्या मुलाला मांगूरच्या घरात नको देऊ," ती मध्येच म्हणायची.

"का? चांगला शिकलाय."

"शिकलाय. पण त्याची आई आणि त्या मुलीची आई एका गल्लीतल्या. लहानपणापास्नं भांडत आल्यात. पोरं सुखात राहतील, पर ह्या दोघी मंडप पेटवतील."

माघ उजाडेपर्यंत दोन लग्नं ठरली. दोन्ही घरांतून पेढे आले. आईनं त्यातला एकेक अण्णांच्या फोटोपुढे ठेवला आणि म्हणाली, "अण्णांनी असली मशीन घरात येऊ दिली असती का गं?"

"दिली असती की. आधी तिला दोन्ही भाषा शिकवल्या असत्या."

आई हसली. प्रणिताला वाटलं, जमलं आपल्याला. अण्णा नाहीत, पण त्यांचा नेम चाललाय.

मग एका रविवारी गावातल्या जैन बस्तीत दर्शनाला गेल्यावर गुणाबाई भेटल्या. गुणाबाई दिल्या बेडकिहाळला, पण माहेर बोरगावचंच. अण्णांना त्या भाऊ मानायच्या, दरवर्षी राखी बांधायच्या. अण्णा गेले तेव्हा दहा दिवस त्यांनीच घरातली चूल सांभाळली होती. त्यानंतर मात्र त्या फिरकल्या नव्हत्या. अभिषेक आटोपून सगळ्या बायका पायऱ्यांवर आल्या तेव्हा आईनं त्यांचा हात धरला.

"गुणाआक्का, चला की घरी. चहा घेऊन जावा."

"नको वैनी." गुणाबाईंनी हात हळूच सोडवून घेतला. "तुमच्यात आता लई मोठा कारभार चाललाय म्हणं. आमच्या गल्लीतल्या भरमूच्या पोरानं पाठवलं, तर त्याचा चहा निवायच्या आत उत्तर आलं."

"मग बरंच झालं की."

"बरंच झालं. माझ्या पोरीनं तीनदा पाठवलं, तिला एकदा न्हाई आलं." त्यांनी प्रणिताकडे पाहिलं, आवाज चढवला नाही. "व्हय गं, मशीनला बी कळतंय काय? नवरा गेलेल्या पोरीचा कागद बाजूला ठेवायचा म्हणून?"

"असं नाही हो आत्या—"

"अण्णा होता तवर..." गुणाबाई एवढंच म्हणाल्या, चपला पायात सरकवल्या आणि रस्त्याला लागल्या.

घरी येताच प्रणितानं लॅपटॉप उघडला आणि गुणाबाईंच्या मुलीचं नाव घालून शोधलं: प्रियदर्शनी. आलेल्या कागदांत काही नव्हतं.

"तिनं पाठवलंच नसेल, आई. पत्ता चुकला असेल."

"तीनदा पाठवलं म्हणती, म्हणजे पाठवलंच," आई म्हणाली. "गुणाआक्का भांडंल, पर खोटं न्हाई बोलणार."

मग प्रणिताला रूपालीचं बोलणं आठवलं. चाळणीत वर काय राहिलंय? तिनं आजवर न उघडलेलं 'फोटो'चं फोल्डर उघडलं. स्टुडिओतल्या निळ्या पडद्यापुढे उभ्या मुली, मोटरसायकलला टेकलेली मुलं, काठपदराच्या साड्या, गॉगल. आणि त्यांच्यामध्ये एक रेघांचा कागद. वहीचं पान, निळ्या शाईत कानडी अक्षरं, मोबाइलवर काढलेला फोटो.

तोच कागद तीनदा होता. पहिल्या फोटोत कोपऱ्यावर अंगठा आलेला. दुसऱ्यात अंगठा नव्हता, पण पानावर मोबाइलची सावली पडलेली. तिसरा भर उन्हात काढलेला, आणि पान वाऱ्यानं उडू नये म्हणून वरच्या कडेला स्टीलचा पेला ठेवलेला. उत्तर आलं नाही तेव्हा फोटो नीट आला नसेल असं तिला वाटलं असणार, आणि दर खेपेला तिनं तो जास्त चांगला काढला होता.

प्रणिताला कानडी वाचता यायचं, पण अडखळत. तिनं लॅपटॉप आईपुढे सरकवला. आईनं चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागली.

"माझं नाव प्रियदर्शनी. नवरा अपघातात गेला, त्याला तीन वर्षं झाली. मी गावच्या डेअरीत दुधाची फॅट तपासते. मला एक मुलगी आहे, ती माझ्याजवळच राहील. हे ज्यांना चालत असेल त्यांनीच पुढे बोलावं. मला वाचायला आवडतं. रागही येतो, पण लवकर जातो." आई थांबली. "लेक कुणाची म्हणायची!"

"शेवटी काय लिहिलंय? ती खालची ओळ?"

आईनं ती ओळ आधी मनात वाचली. मग चष्मा काढून हातात घेतला.

"अण्णांनी सांगितल्याप्रमाणे फोटो जोडलेला नाही."

बाहेरून उसाची ट्रॉली गाणी वाजवत गेली. पोरीनं अण्णांचा नेम अक्षरशः पाळला होता, आणि तोच नेम पाळण्यासाठी प्रणितानं बसवलेल्या चाळणीनं तिचा कागदच फोटो समजून ठेवून घेतला होता.

आणखी खाली सरकल्यावर असेच हातानं लिहिलेले आणखी दोन-तीन कागद सापडले. निपाणीचा घटस्फोट झालेला एक दुकानदार, कुन्नूरची एक शिक्षिका. कुणालाच उत्तर गेलेलं नव्हतं.

"आत्ताच फोन करते," प्रणिता म्हणाली.

"फोन नको," आई उठली. "जाऊया."

स्कूटरवर आई मागे एका बाजूला बसली, मांडीवर पेढ्यांचा पुडा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस तुटून रानं मोकळी झाली होती आणि कुठल्याशा गुऱ्हाळाचा वास बेडकिहाळपर्यंत सोबतीला होता. गुणाबाई दारातच पावटे सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"या. मशीन बी आणलंय काय?"

"मशीन घरात ठेवून आलोय, आत्या. चूक माझी आहे, म्हणून मीच आले," प्रणिता म्हणाली. दारातच उभं राहून तिनं सगळं सांगून टाकलं. फोटो बाजूला ठेव असं तिनं मशीनला सांगितलं होतं, आणि कागदाचा फोटो काढून पाठवणारं कुणी असेल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. "प्रियदर्शनीचा कागद कुणी नाकारला नाही. तो कुणी वाचलाच नव्हता. आज आईनं वाचला."

प्रियदर्शनी आतून हात पुसत बाहेर आली होती. तिशीच्या आतली, डेअरीतून नुकतीच आलेली. अंगावर अजून दुधाच्या शेडमधला एप्रन होता. ती ऐकत राहिली आणि मग तिला हसू फुटलं.

"म्हणजे ते पेलाबिला ठेवून उन्हात काढत बसलते, ते सगळं मशीनला मुलीचा फोटो वाटलं?"

"वाटलं."

"मग फोटो बरा आलाय म्हणायचा माझा." ती आणखी हसली. आईही हसली. गुणाबाई हसल्या नाहीत.

"मी सांगत हुते हिला. भरमूच्या पोरासारखं दुकानात जाऊन टायपून घे म्हणून. ऐकंल तर ना!"

"अण्णांनीच नको म्हटलं हुतं, आई."

"अण्णांनी?" प्रणितानं विचारलं.

प्रियदर्शनी दाराच्या चौकटीला टेकली. "दुसऱ्यांदा लग्न म्हटलं की घरचीच माणसं कागद करून धाडतात. ज्याचं लग्न, त्याला पत्ताच नसतोय. म्हणून असल्यांचा टाइप केलेला कागद अण्णा घ्यायचेच न्हाईत. मला म्हणाले, तुझ्या हातानं लिहून दे. तू लिहिलंस तर मला कळंल तुझ्या मनात हाय म्हणून. न्हाई वाटलं तर लिहू नको, मी परत विचारणार न्हाई."

"आणि मग?"

"मग मी दोन वर्षं लिहिलंच न्हाई. ते हुते तवर वाटायचं, कधीबी लिहिता येतंय की." तिनं एप्रनची गाठ सोडली. "ते गेल्यावर लिहिलं."

अण्णांचा हा तिसरा नेम प्रणिताला माहीत नव्हता. ज्यांना तो लागू होता त्यांनाच तो माहीत. परत विचारणार नाही, हे वाक्य मात्र तिच्या ओळखीचं होतं. पंचविशीतल्या तिलाही ते असंच मिळालं होतं, न बोलता. तेव्हा तिला वाटलं होतं की अण्णांनी तिचा नाद सोडला. आज बेडकिहाळच्या एका दारात उभं राहून तिला कळलं की त्यांनी तिला वाट मोकळी ठेवली होती, आणि त्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. तिला छान वाटलं. रडूही आलं, पण ते तिनं पावट्यांच्या सुपाकडे बघत परतवलं.

गुणाबाई उठल्या, पदरातली सालं झटकली. आईच्या हातातला पुडा त्यांनी घेतला आणि आभाळाकडे पाहिलं.

"दिवस हाय तवर जेवून घ्या. मावळल्यावर आमच्यात ताट मिळायचं न्हाई, ठाऊक हाय न्हवं?"

"आमच्यात तरी कुठं मिळतंय?" आई म्हणाली.

पावट्याची आमटी, गरम भाकरी, घट्ट दही. प्रियदर्शनीची पोर प्रणिताच्या आईच्या ताटातली भाकरी खात बसली. गुणाबाईंनी न विचारता आईच्या आमटीवर तुपाची धार सोडली, आणि आईनं ती नको म्हटली नाही.

सोमवारी कँटीनमध्ये प्रणितानं रूपालीला सगळं सांगितलं.

"मी म्हटलंतं," रूपाली म्हणाली. "आता काय करणार? मशीनला अक्षर ओळखायला शिकवणारे ठोकळे मिळतात. दुकानात टायपलेलं आणि हातानं लिहिलेलं वेगळं काढता येतंय."

"नको. ते ओळखणारं माणूस आहे आमच्याकडे."

तिनं एकच ठोकळा बदलला. चित्राची अटॅचमेंट आली की ती आता फोल्डरात जाऊन पडत नव्हती. अण्णांच्या फोनवर जात होती. चेहरा असला तर आई तो बाजूला ठेवणार. हाताचा कागद असला तर त्याला मशीननं उत्तर द्यायचं नाही. आई फोन करणार.

"मी काय बोलू?" आईनं विचारलं होतं.

"अण्णा काय बोलायचे?"

आईनं थोडा विचार केला. "आधी पीकपाण्याचं विचारायचे."

"मग तू पण विचार."

फॉरवर्ड करायला शिकण्यात आईचे दोन रविवार गेले. त्या खटाटोपात एका मुलाचा कागद त्याच्याच बापाला परत गेला, आणि बापानं फोन करून 'हे स्थळ आम्हाला पसंत आहे' अशी थट्टा केली. पण कुन्नूरच्या शिक्षिकेशी आई इतका वेळ बोलत बसली की भात करपला. प्रियदर्शनीचा कागद प्रणितानं मराठीत करून आईला दिला. कुठं पाठवायचा ते आईनं दोन दिवस मनात घोळवलं आणि मग जयसिंगपूरच्या एका घरी स्वतःच्या बोटानं पाठवला. तिथला मुलगा एकदा लग्न होऊन एकटा राहिलेला. अण्णा त्याच्याबद्दल जेवताना बोलले होते. सोबत आईनं लिहिलं, 'मुलाला म्हणावं, उत्तर त्यानंच द्यावं. त्याच्या हातानं. घाई नाही.'

होळीच्या अलीकडच्या रविवारी प्रणिता परसात कपडे वाळत घालत होती. सोप्यात फोन वाजला.

"आई, बघ गं, कुणाचं आलंय?" ती तिथूनच ओरडली.

"फोटो हाय." आतून चष्म्याचं घर उघडल्याचा आवाज आला. "न्हाई, थांब. कागद हाय. हातानं लिहिलाय."

प्रणिता ओले हात पदराला पुसत आत आली. आईनं फोन खिडकीच्या उजेडाकडे धरला होता. रेघांचं पान होतं, आणि कोपऱ्यावर कुणाचा तरी अंगठा आला होता.

"मराठीत हाय. तू वाच," आई म्हणाली, पण फोन तिनं प्रणिताला दिला नाही. ती स्वतःच पहिली ओळ ओठांतल्या ओठांत लावू लागली. मग मान हलवून म्हणाली, "जयसिंगपूरचा हाय. अक्षर बरं हाय," आणि बेडकिहाळचा नंबर शोधू लागली.